काळी माती, पण राखेची नव्हे

कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपली काळी जमीन म्हणजे ज्वालामुखीची राख, म्हणून तर एवढी कसदार." या वाक्यातला ज्वालामुखी खरा आहे, राख मात्र खरी नाही. फरक केवळ शब्दाचा असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण राखेपासून खरोखर बनलेल्या जमिनी जगात आहेत, त्या आपल्या जमिनीपेक्षा जवळजवळ प्रत्येक गुणात वेगळ्या आहेत, आणि त्यांचे प्रकार जगात कुठे व का आढळतात हे समजून घ्यायला सातारा जिल्ह्याइतका सोयीचा धडा, निदान माझ्या मते, दुसरा नाही.

आधी आपल्या जमिनीकडे पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जे उद्रेक झाले, ते चित्रात दाखवतात तशा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून झाले नाहीत. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा बाहेर येऊन पसरत गेला. या लाव्ह्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचे, प्रमाण कमी होते, त्यामुळे तो पातळ होता. त्यात कोंडलेले वायू सहज निसटून जात आणि स्फोट होण्याइतका दाब सहसा साचत नसे. एक थर थिजला, त्यावर दुसरा आला, असे होत होत महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची उंची बारा-तेराशे मीटरपर्यंत गेली. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला काळा कातळ तो हाच. पसरणीच्या किंवा आंबेनळीच्या घाटाने जाताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या थरांच्या मधून गेरूसारखे तांबडे पट्टे दिसतात. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग कुजून, भाजून हे पट्टे तयार झाले. त्यांतल्या काहींमध्ये राखेचाही अंश असावा असे अभ्यासकांना वाटते. पण एकूण पाहता आपला प्रदेश हा लाव्ह्याचा आहे, राखेचा नाही.

राख म्हणजे काय, हेही नीट सांगायला हवे, कारण चुलीतल्या राखेशी तिचा काही संबंध नाही. ज्वालामुखीच्या राखेत काहीही जळालेले नसते. खोलवर वितळलेला दगड जाड आणि चिकट असला, तर वायू त्यात कोंडून राहतात. दाब असह्य झाला की स्फोट होतो आणि तो वितळलेला दगड हवेतच फुटून त्याचा भुगा होतो. हा भुगा इतक्या वेगाने थंड होतो की त्यात स्फटिक बनायला वेळच मिळत नाही. म्हणून ज्वालामुखीची राख ही बऱ्याच अंशी बारीक काच असते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान असे हे कण उद्रेकाच्या जागेपासून शेकडो, कधी हजारो किलोमीटर वाऱ्याबरोबर जातात.

असे स्फोटक ज्वालामुखी मुख्यतः जिथे पृथ्वीच्या कवचाचा समुद्रतळाचा तुकडा शेजारच्या तुकड्याखाली घुसतो आहे, तिथे आढळतात. प्रशांत महासागराच्या काठाने बोट फिरवत गेलो तर त्यांची माळच लागते : न्यूझीलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपान, रशियाचा कामचाटका, अलास्का, अमेरिकेचा वायव्य भाग, मेक्सिको, मध्य अमेरिका, कोलंबिया, इक्वेडोर आणि चिली. राखेच्या जमिनींचा बहुतांश भाग याच माळेवर आहे. तिच्याबाहेर पूर्व आफ्रिकेची खचदरी, कॅमेरून, इटली, कॅनरी आणि अझोर बेटे, आइसलंड आणि हवाई एवढी ठिकाणे जोडली की नकाशा जवळजवळ पुरा होतो. जगातल्या बर्फाखाली नसलेल्या जमिनीपैकी हा भाग सुमारे एक टक्का भरतो, पण त्यावर राहणारी माणसे एक टक्क्याहून कितीतरी अधिक आहेत.

या जमिनींना शास्त्रीय नाव मिळाले ते जपानमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या जमिनींची पाहणी करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांनी 'गडद माती' या अर्थाच्या जपानी शब्दांवरून 'अँडो' हे नाव रूढ केले. त्यावरून पुढे अँडोसॉल आणि अमेरिकी वर्गीकरणात १९९० मध्ये स्वतंत्र गण म्हणून अँडिसॉल ही नावे आली. जपानी शेतकरी मात्र त्या मातीला 'कुरोबोकु' म्हणतात. 'कुरो' म्हणजे काळी, आणि 'बोकु' हा त्या भुसभुशीत मातीवरून चालताना पायाखाली होणाऱ्या आवाजाचा शब्द.

आपली माती पायाखाली असा आवाज करणार नाही. वाळव्याच्या भारी जमिनीत पावसानंतर दोन पावले टाकली की चपलेला चिखलाचे गोळे चिकटतात, आणि वाफसा यायला दिवसच्या दिवस थांबावे लागते. हीच जमीन चैत्र-वैशाखात वाळली की तिला भेगा पडतात; लहानपणी आमच्या मळ्यातल्या भेगेत आम्ही ज्वारीचे ताट घालून पाहायचो आणि ते हातभर तरी सहज आत जायचे. ढेकूळ उचलले तर ते वजनाला दगडासारखे लागते आणि फोडायला कुदळीचा तुंबा लागतो. हे सारे स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीचे काम आहे. तिचे पापुद्रे पाणी शिरले की फुगतात आणि पाणी गेले की आक्रसतात. आपल्या मातीचा रंग काळा असला तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो.

कुरोबोकुचे ढेकूळ हातात घेतले तर याच्या नेमके उलटे जाणवते. ते हलके असते. एक लिटरच्या मापात बसणारी सुकी माती ९०० ग्रॅमही भरत नाही. ओली माती चिमटीत घेऊन चोळली की आधी ती घट्ट वाटते, मग एकाएकी लोण्यासारखी बुळबुळीत होते आणि बोटे ओलसर होतात. तिच्यात सेंद्रिय कर्ब पाच टक्के, दहा टक्के, कधी त्याहूनही जास्त असतो, आणि तिचा काळा रंग खरोखर त्या कर्बाचाच असतो. म्हणजे दोन्ही माती काळ्या, दोन्हींचे मूळ ज्वालामुखीत, आणि तरी एकीचा गुण दुसरीत नाही.

याचे कारण त्या काचेत आहे. स्फटिकात अणू शिस्तीने रचलेले असतात, म्हणून तो पाण्यात सावकाश झिजतो. काचेत ती शिस्त नसते. पावसाच्या पाण्यात ती भराभर विरघळते, आणि तिच्यातून सुटलेले ॲल्युमिनियम व सिलिका घाईघाईने एकत्र येऊन ॲलोफेन नावाचे पदार्थ बनवतात. ॲलोफेन म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ गोळ्या. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा दोन-अडीच लाख गोळ्या ओळीने बसतील. त्यांच्या सोबतीला इमोगोलाइट नावाच्या तितक्याच सूक्ष्म नळ्या असतात. हे नाव जपानच्या कुमामोतो भागातल्या 'इमोगो' या पिवळट राखमातीवरून १९६२ मध्ये ठेवले गेले. पोकळी एवढी असल्यामुळे माती हलकी होते आणि पाणी भरपूर धरते. या कणांच्या पृष्ठभागावरचे ॲल्युमिनियम दोन गोष्टींना मात्र घट्ट पकडून ठेवते : कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातला कर्ब आणि खतातला स्फुरद. पहिल्यामुळे माती काळी राहते. दुसऱ्यामुळे शेतकरी अडचणीत येतो, कारण टाकलेल्या स्फुरदाचा मोठा वाटा पिकाच्या मुळाला मिळण्याआधीच मातीत अडकतो. म्हणूनच जपानमध्ये कुरोबोकु ही फार काळ निकस जमीन समजली जात असे. महायुद्धानंतर चुना आणि स्फुरदयुक्त खते मुबलक मिळू लागली, तेव्हा कुठे ती भाजीपाल्याची उत्तम जमीन ठरली. राख म्हणजे कसदार हेही अर्धेच खरे आहे, ते असे.

आता सातारा जिल्ह्याचा धडा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. खालचा कातळ दोन्हीकडे एकच. पण घाटमाथ्यावर मुसळधार पावसाने युगानुयुगे सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरले आणि त्याचा जांभा झाला. कासच्या सड्यावर आणि पाचगणीच्या टेबललँडवर पायाखाली असतो तो हाच. पूर्वेकडे पाऊस कमी, म्हणून धुपून जाण्याऐवजी तेच क्षार मातीत राहिले आणि काळी चिकण जमीन झाली, तीही मुख्यतः सखल भागात आणि नद्यांच्या काठी. माळावर मुरूम आणि बरडच राहिले. दगड एक, पाऊस वेगळा, म्हणून माती वेगळी. राखेच्या बाबतीत जगभर हेच घडते, फक्त दगडाच्या जागी काच असल्याने फार लवकर घडते.

जिथे राख ताजी आहे किंवा पाऊस-उष्णता कमी आहे, तिथे काच अजून काचच असते. या काचमय जमिनी पाणी आणि अन्नद्रव्ये फारशी धरत नाहीत. आइसलंडमध्ये थंडी आणि सततच्या उद्रेकांमुळे अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि वनस्पतींचे आवरण गेले की त्या वाऱ्याने उडून जातात. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाची हकीकत मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. तिथल्या ताउपो ज्वालामुखीचा सुमारे १,८०० वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला आणि बेटाचा मधला भाग प्यूमिस म्हणजे फेसाळ, हलक्या दगडाच्या चुऱ्याने झाकला गेला. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तिथे गवत लावून गुरे-मेंढ्या ठेवल्या, तेव्हा गवत पोटभर असूनही जनावरे खंगून मरू लागली. बरीच वर्षे या रोगाचे मूळ कोणाला सापडेना. अखेर १९३०च्या दशकात कळले की त्या प्यूमिसमध्ये कोबाल्ट नाही म्हणावे इतके कमी आहे, आणि कोबाल्टवाचून जनावराच्या पोटात ब-१२ जीवनसत्त्व तयार होत नाही, हे तर त्यानंतर काही वर्षांनी उमगले. खतातून कोबाल्टचा किंचित अंश दिल्यावर तीच जमीन दुधाच्या धंद्याला लायक झाली. त्याआधी मात्र त्या मुलखातल्या बऱ्याच जमिनीवर पाइनची झाडे लावून झाली होती. त्याच बेटाच्या पश्चिमेला तारानाकी पर्वताभोवती ॲलोफेनच्या परिपक्व जमिनी आहेत. दोन्हींमधले अंतर फार नाही. राख वेगळी आणि तिचे वय वेगळे, म्हणून जमीन वेगळी.

पाऊस मध्यम ते भरपूर असेल आणि राख काही हजार वर्षे जुनी असेल, तर ॲलोफेनचे राज्य येते. तोक्योभोवतीचे कांतो मैदान हे त्याचे नमुनेदार ठिकाण. हे मैदान फुजी पर्वताच्या पूर्वेला आहे, आणि ते योगायोगाने नव्हे. त्या अक्षांशांवर वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे राख बहुधा पूर्वेला पडते. १७०७ मध्ये फुजीचा शेवटचा उद्रेक झाला, तेव्हा आजच्या तोक्योवर, म्हणजे तेव्हाच्या एदो शहरावर, राख पडली होती. अमेरिकेतही हेच दिसते. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा हा पर्वत स्फोटाने खचला, त्या जागी आज क्रेटर लेक हे सरोवर आहे, आणि त्याची राख ईशान्येकडे वॉशिंग्टन, आयडाहो, माँटाना ओलांडून कॅनडापर्यंत गेली. तिथल्या डोंगरउतारांवरची जंगले कोरड्या उन्हाळ्यात टिकतात, त्याला या राखेच्या थराने धरून ठेवलेल्या ओलाव्याचा मोठा आधार आहे. नकाशात राखेच्या जमिनी शोधताना म्हणूनच ज्वालामुखीबरोबर वाराही पाहावा लागतो.

पाऊस आणखी वाढला आणि माती आम्लधर्मी झाली की चित्र पुन्हा पालटते. सुटलेले ॲल्युमिनियम सिलिकाशी जुळून ॲलोफेन बनवण्याऐवजी थेट कुजकट सेंद्रिय पदार्थाशी बांधले जाते. या जमिनी दिसायला तशाच काळ्या आणि हलक्या, पण त्यांतले ॲल्युमिनियम मुळांना बाधते. जपानमध्ये त्या विशेषतः जपानी समुद्राकडच्या, जास्त पावसाच्या आणि बर्फाच्या बाजूला आढळतात; चीनकडून वाऱ्याने आलेल्या धुळीचाही त्यांत वाटा आहे. राखेच्या या दोन्ही प्रकारच्या जमिनी इतर जमिनींपासून ओळखायची एक सुटसुटीत खूण आहे. मातीवर सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचे थेंब टाकले की मातीतले ॲल्युमिनियम, मग ते ॲलोफेनमधले असो की सेंद्रिय पदार्थाशी बांधलेले, लगेच अल्कली सोडते आणि अल्कलीने रंगणारा फिनॉल्फ्थॅलिनचा कागद गुलाबी-लाल होतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत मात्र या कसोटीवर विसंबता येत नाही, कारण मातीतली चुनखडीही कागद रंगवू शकते.

सर्वांत ओल्या टोकाला हवाई बेटाचा हामाकुआ किनारा येतो. ऊसवाल्यांना या जागेची ओळख असायला हवी, कारण १९९०च्या दशकापर्यंत तिथे मोठ्या प्रमाणावर ऊस होता. तिथल्या राखमातीच्या काही थरांत सुक्या मातीच्या वजनाच्या दुपटीहून अधिक पाणी असते. म्हणजे किलोभर सुक्या मातीमागे दोन लिटर पाणी, आणि तरी ती चिखलासारखी वाहत नाही. दाबली तर मात्र सैल पडते. अशी माती एकदा पूर्ण वाळली की पुन्हा पूर्वीसारखी ओली होत नाही, तिचे खड्यांसारखे दाणे बनतात. आपल्याकडची काळी जमीन दर वर्षी फुगते आणि दर वर्षी आक्रसते. हामाकुआच्या मातीला हा फेरा माहीतच नाही. कोलंबियाच्या कॉफीच्या डोंगरांवर आणि इक्वेडोरच्या उंच गवताळ पारामोत याच कुळातल्या जमिनी आहेत. पारामोची माती स्पंजासारखे पाणी धरते आणि किटो शहराच्या पाण्याची मदार बऱ्याच अंशी तिच्यावर आहे. चिलीच्या दक्षिणेत या जमिनीला 'त्रुमाओ' म्हणतात, आणि तिथेही शेतकऱ्याची तक्रार स्फुरदाचीच.

राखेची जमीन कायमची नसते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ॲलोफेन ही वाटेतली अवस्था आहे. काही हजार ते काही दशहजार वर्षांत त्याची पुनर्रचना होऊन हॅलॉयसाइट, केओलिनाइट अशा नेहमीच्या चिकणमाती तयार होतात आणि जमीन तांबडी, जड होत जाते. केनिया पर्वताच्या वरच्या उतारांवर राखेची काळी जमीन आणि खाली चहा-कॉफीच्या पट्ट्यात लाल जमीन दिसते. जावा बेटावर तर हा सगळा पट एकाच ज्वालामुखीच्या अंगावर उलगडतो. वर थंड, ओल्या उंचीवर बटाट्याची आणि चहाची हलकी काळी राखमाती. मधल्या उतारावर तांबडी माती. आणि खाली, जिथे कोरडा ऋतू लांबतो, तिथे भेगाळणारी भारी काळी चिकण जमीन, जी सांगलीच्या शेतकऱ्याला पाहताक्षणी ओळखीची वाटेल. सातारा जिल्ह्यात जो फरक पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसतो, तो तिथे वरून खाली उतरताना दिसतो. जावा टिकून कसदार राहिले ते मात्र नव्या राखेमुळे. तिथले ज्वालामुखी अधूनमधून कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त ताजी राख टाकत राहतात आणि झिजलेली जमीन पुन्हा तरुण होते. डच मृदाशास्त्रज्ञ ई. सी. जे. मोहर यांनी १९३८ मध्ये इंडोनेशियातल्या दाट वस्तीचा संबंध याच गोष्टीशी जोडला होता, आणि सुमात्राचा जो भाग सिलिकायुक्त, आम्लधर्मी राखेने झाकला आहे तिथे वस्ती विरळ का, हेही त्यावरून समजते.

अर्थात ताजी राख हे वरदान ठरण्याआधी संकट असते. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिकोत एका शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात जमीन फाटली आणि पारिकुतीन ज्वालामुखी जन्मला; तो १९५२ पर्यंत धगधगत होता. बोटभर राख पडलेली शेते नांगरून पुन्हा जुन्या मातीत मिसळता आली, कमरेएवढी राख पडलेली शेते गेली. कॅनरी बेटांपैकी लांझारोतेवर १७३० ते १७३६ या काळात असेच झाले, तेव्हा लोकांनी राखेच्या खड्यांत खड्डे खणून खालच्या जुन्या मातीपर्यंत द्राक्षाचे वेल पोचवले. तिथे पाऊस माणदेशापेक्षाही कमी. ते खडे रात्रीचे दव धरतात आणि खालचा ओलावा उडू देत नाहीत. तासगावच्या बागाइतदाराला यातला आच्छादनाचा भाग वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मग भारतात राखेची जमीन आहे का? जागता ज्वालामुखी आपल्याकडे एकच, अंदमानातले बॅरन बेट, आणि तिथे शेती नाही. निलगिरीच्या दोन हजार मीटरवरच्या भागात मात्र अभ्यासकांना अँडिसॉलच्या कसोट्यांना उतरणारी काळी, हलकी, कर्बाने भरलेली माती सापडली आहे. तिथे राख नाही. तिथल्या फार जुन्या, धुपलेल्या मातीत ॲल्युमिनियम मुबलक, हवा थंड आणि ओली, त्यामुळे ॲल्युमिनियम आणि कर्ब एकमेकांना बांधून राहिले आणि काचेशिवायच तो गुण आला.

आणि राख? ती महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे गाळाच्या थरांमध्ये पांढुरकी राख उघडी पडली आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिथला सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक गेल्या लाखभर वर्षांतला सर्वांत मोठा होता. बोरीची राख त्याच उद्रेकाची की टोबाच्या आणखी जुन्या उद्रेकाची, यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला आहे. पुण्यावर जी राख पडली ती कृष्णाखोऱ्यावर पडली नसेल असे मानायला कारण नाही. पण इतक्या दुरून आलेला थर पातळ असणार. चढावरचा पहिल्या काही पावसाळ्यांत ओढ्यांनी नेला असेल, आणि जो भारी जमिनीवर पडला तो उन्हाळ्यात वरची माती जशी भेगांत गळते तसा खाली गेला असेल, पावसाळ्यात फुगलेल्या मातीने घुसळला असेल. कुकडीच्या काठी ती राहिली, कारण नदीने तिच्यावर वेळीच गाळ टाकून तिला झाकून ठेवले.